वेळेचं सोंग आणता येत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर मला या म्हणीला एक पुरवणी जोडावीशी वाटते. वेळेचं सोंगही आणता येत नाही. हे मला एखाद्या पुस्तकातून कळलं नाही, एका मित्राच्या फोनमुळे कळलं.

हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. जन्मापासून दृष्टिहीन. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो आणि चांगलं करतो. तो संगणक कसा वापरतो, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पडद्यावर जे काही उमटतं ते मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात, त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. बाणाचं बटण दाबलं की पुढची ओळ ऐकू येते, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढची. सवयीनं हे लोक बोलण्याचा वेग इतका वाढवून ठेवतात, की शेजारी बसलेल्या माणसाला लाह्या फुटल्यासारखा नुसता तडतडाट ऐकू येतो. माझा मित्र त्या तडतडाटातून खातेदाराचं नाव, शिल्लक, हप्त्याची तारीख, सगळं अचूक टिपतो.

एक दिवस त्याचा जुना संगणक कायमचा बसला. नवा आला. पण संस्थेचा हिशेबाचा प्रोग्राम जुना, तो जुन्या विंडोजवरच चालणारा. मग देखभाल करणाऱ्या मुलांनी एक युक्ती केली. नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक बसवला. खराखुरा नव्हे, आभासी. त्यात जुनं विंडोज, जुना प्रोग्राम, जुना स्क्रीन रीडर, सगळं जसंच्या तसं. खाती उघडली, पावत्या छापल्या, सगळे खूश. आवाजही येत होता, पण तुटत तुटत. ‘खा… ते क्र… क… चार… शे…’ आणि मग टक्, टक् असे खटके. दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. म्हणाला, “अरे, नवा संगणक आला आणि मला दिसेनासं झालं.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. ज्याला आपण साउंड कार्ड म्हणतो, गाणी ऐकण्याची सोय म्हणतो, ते या माणसाचे डोळे होते. आणि ते का बिघडले हे समजून घ्यायचं तर आधी संगणकाच्या पोटात संगणक कसा राहतो, हे पाहावं लागेल.

आभासी संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीनं १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाची प्रणाली बाजारात आणली. एका मोठ्या, महागड्या संगणकाचे तिनं अनेक छोटे आभासी संगणक केले आणि प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे, सगळा संगणक माझाच. टेबलावरच्या संगणकावर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीनं आणली. २००३ मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं क्यूईएमयू हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. त्याचा सांकेतिक मजकूर कुणालाही वाचता येतो, त्यामुळे सोंग नेमकं कसं वठवतात हे पाहायचं असेल तर तो उघडून बसावं. आज जगभरच्या मोठमोठ्या सेवाकेंद्रांमध्ये आपली बँक, आपलं रेल्वेचं तिकीट, आपली ई-मेल ज्या यंत्रांवर चालतात, त्यांतली पुष्कळशी अशी आभासीच असतात.

या विषयात दोन शब्द नेहमी येतात आणि ते आपल्या घरातलेच आहेत. खरा संगणक म्हणजे यजमान, आणि त्याच्या पोटातला आभासी संगणक म्हणजे पाहुणा. फरक इतकाच, की या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत याचा पत्ता नसतो. तो समजतो, हे घर माझंच. त्याचा हा समज टिकवणं, हेच यजमानाचं काम. पाहुण्यानं डिस्कवर लिहायला सांगितलं, तर यजमान ते आपल्या एका फाइलमध्ये लिहितो. पाहुण्यानं पडद्यावर चित्र काढलं, तर यजमान ते एका चौकटीत दाखवतो. पाहुण्यानं साउंड कार्डाला हाक मारली, तर यजमानाला साउंड कार्डाचं सोंग घ्यावं लागतं.

हे सोंग म्हणजे काय प्रकार आहे, ते एका जुन्या कार्डाच्या उदाहरणानं सांगतो. सिंगापूरमध्ये सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये क्रिएटिव्ह ही कंपनी काढली. तिचं साउंड ब्लास्टर हे कार्ड १९८९ मध्ये आलं आणि साउंड ब्लास्टर १६ हे १९९२ मध्ये. त्याआधी घरच्या संगणकातून प्रामुख्यानं ‘पीं’ असाच आवाज निघत असे. या कार्डांनी त्याला कंठ दिला. पुढे कित्येक वर्षं आवाज काढणारा प्रोग्राम म्हटला, की तो साउंड ब्लास्टर गृहीत धरूनच लिहिला जाई.

प्रोग्रामनं या कार्डाशी बोलायचं ते ठरावीक क्रमांकांच्या दारांतून. त्यांना पोर्ट म्हणतात. संगणकाच्या सोळाच्या मोजणीत सहसा २२० पासून ही दारं सुरू होतात. कार्ड जागेवर आहे का, हे पाहायचं असेल तर २२६ क्रमांकाच्या दारात १ टाकायचा, एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन भाग इतका वेळ थांबायचं, मग ० टाकायचा. कार्ड खरं असेल तर दुसऱ्या एका दारातून १७० हा आकडा बाहेर येतो. त्याला एखादा आकडा देऊन त्याचा उलटा आकडा मागता येतो. तुझी आवृत्ती कोणती, असं विचारता येतं. इतकंच नाही, तुझा मालक कोण असं विचारलं, तर साउंड ब्लास्टर १६ एक वाक्य अक्षर अक्षर करून परत देतं, की मी क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीचं, १९९२ सालचं.

आता गंमत बघा. क्यूईएमयूमध्ये साउंड ब्लास्टरचं सोंग करणारा जो भाग आहे, त्यातही हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलेलं आहे. ते कार्ड क्रिएटिव्हनं बनवलेलं नाही, मुळात ते कार्डच नाही. पण जुना एखादा प्रोग्राम ओळख विचारेल, म्हणून उत्तर तयार हवं. आपल्याकडे दारावर बहुरूपी येत, पोलिसाचा वेष करून वॉरंट आहे म्हणून दरडावत. चांगल्या बहुरूप्याला टोपी आणि दांडा पुरत नाही. कोणतं ठाणं, कोण साहेब, असं विचारलं तर उत्तर न अडखळता यायला हवं. तसंच हे.

पाहुण्यानं दार वाजवलं की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. पाहुण्याचा कार्यक्रम खऱ्या प्रोसेसरवरच चालू असतो. त्यानं २२६ क्रमांकाच्या दाराला हात लावला, की प्रोसेसर त्याला तिथल्या तिथे थांबवतो आणि कारभार यजमानाच्या हाती देतो. यजमान पाहतो, काय मागितलं होतं. आपल्या वहीत नोंद करतो, उत्तर ठेवतो आणि पाहुण्याला पुन्हा चालू करतो. मधल्या काळात पाहुणा गाढ झोपेत असतो. उठल्यावर त्याला उत्तर हातात दिसतं. मध्ये किती वेळ गेला, हे त्याला कळत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळी गोम इथे आहे. डिस्कच्या बाबतीत यजमानाला क्षणभर उशीर झाला तर बिघडत नाही, फाइल जरा उशिरा उघडते. पडद्याचं एखादं चित्र उशिरा आलं तर आधीचं चित्र तिथेच राहतं, डोळा सांभाळून घेतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रंच असतात, तरी आपल्याला माणूस चालताना दिसतो. पण आवाज पाहुण्यासाठी नसतो. तो बाहेर बसलेल्या माणसाच्या कानात जायचा असतो. पाहुण्याला झोपवून ठेवता येतं, कानाला झोपवता येत नाही. कान बाहेरच्या खऱ्या वेळेत ऐकत असतो.

आणि कान फार काटेकोर असतो. सलग आवाजात सेकंदाच्या हजाराव्या भागातले दोन-तीन भाग इतकी फट पडली तरी ती जाणवू शकते. शिवाय लाउडस्पीकरचा पडदा हवेला पुढेमागे ढकलत असतो. पुढचा आकडाच आला नाही तर तो मध्येच कुठेतरी थबकतो किंवा एकदम शून्यावर उडी मारतो. ती उडी म्हणजेच तो ‘टक्’ असा खटका.

आकडा म्हणजे काय? संगणकातला आवाज म्हणजे हवेच्या दाबाच्या मोजमापांची रांग. सीडीवरच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात, डाव्या कानासाठी वेगळी, उजव्यासाठी वेगळी, आणि प्रत्येक मोजमापाला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. संगणकाच्या मानानं हा ढीग मोठा नाही, आजचा साधा मोबाइलही याहून कितीतरी जास्त माहिती सहज हलवतो. अडचण ढिगाची नाही, ओळीनं आणि वेळेवर येण्याची आहे.

खऱ्या साउंड कार्डावर एक स्फटिक असतो. तो ठरल्या गतीनं कंप पावतो आणि त्याच्या ठेक्यावर कार्ड एकेक मोजमाप उचलून वाजवतं. प्रोग्राम काही एकेक मोजमाप देत बसत नाही. तो स्मृतीत एक टाकी भरून ठेवतो, तिला बफर म्हणतात. सोयीसाठी टाकीचे दोन भाग करतात. कार्ड पहिला भाग रिकामा करत आणतं तोवर प्रोग्राम दुसरा भरतो. एक भाग संपला की कार्ड प्रोसेसरला बेल वाजवून कळवतं, ‘हा रिकामा झाला, भरा.’ या बेलला इंटरप्ट म्हणतात. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात दिवसभर नळ चालू राहतो. तीच ही व्यवस्था.

सोंगातल्या कार्डाला हा स्फटिक नसतो. दारं आहेत, ओळख आहे, बेल आहे, पण ठेका देणारं हृदय नाही. म्हणून यजमान एक गजर लावतो. क्यूईएमयूमध्ये साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा हा गजर होतो. प्रत्येक गजराला सोंग घेतलेला प्रोग्राम जागा होतो आणि हिशेब करतो, इतक्या वेळात खऱ्या कार्डानं ४४१ मोजमापं वाजवली असती. तेवढी पाहुण्याच्या टाकीतून उचलतो, यजमानाच्या खऱ्या साउंड कार्डाकडे देतो, आणि भाग रिकामा झाला असेल तर पाहुण्याची बेल वाजवतो.

पण यजमानाच्या घरात इतरही कामं असतात. विषाणू शोधणारा प्रोग्राम डिस्क चाळत असतो, कुणीतरी मोठी फाइल उतरवत असतं. गजर दहाव्या मिलिसेकंदाला व्हायचा तो अठराव्याला होतो. तेवढ्यात खऱ्या कार्डाची टाकी कोरडी पडते आणि आवाजाला भोक पडतं. शिवाय पाहुण्याची बेल वेळेवर वाजवली तरी पाहुणा स्वतः त्या क्षणी झोपवलेला असू शकतो. तो उठेल, टाकी भरेल, तोवर उशीर झालेला असतो. माझ्या मित्राच्या स्क्रीन रीडरची अक्षरं गळत होती ती याच भोकांतून.

याहून चिवट अडचण घड्याळांची आहे. यजमानाच्या गजराचं घड्याळ वेगळं आणि खऱ्या साउंड कार्डाचा स्फटिक वेगळा. दोन स्फटिक कधीच तंतोतंत एका चालीचे नसतात. समजा, दहा लाखांत ५० इतकाच फरक आहे. तेवढ्यानं दर सेकंदाला सुमारे दोन मोजमापांची तूट पडते. १,०२४ मोजमापांची टाकी आठ मिनिटांच्या आतच कोरडी होते, आणि फरक उलट दिशेचा असेल तर तितक्याच वेळात भरून वाहू लागते. म्हणजे बाकी सगळं सुरळीत असूनही दर काही मिनिटांनी एक खटका. यावर उपाय म्हणून आवाज अगदी किंचित ताणायचा किंवा आवळायचा असतो, कानाला कळणार नाही इतका. वरवर सोपं दिसणारं हे काम नीट जमवायला प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी बरेच कष्ट घेतले आहेत.

मग सरळ टाकीच मोठी का करू नये? पहिल्यांदा आम्ही तेच केलं. १,०२४ मोजमापांच्या टाकीत सुमारे २३ मिलिसेकंदांचा आवाज मावतो. ती आठपट केली, ८,१९२ मोजमापांची. आता यजमानाला थोडा उशीर झाला तरी टाकीत साठा असे. खटके थांबले. आवाज सलग, स्वच्छ यायला लागला. मी समाधानानं घरी गेलो.

चार दिवसांनी पुन्हा फोन. “आवाज आता छान आहे रे,” मित्र म्हणाला, “पण तो माझ्या मागून येतो.” आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी चपापलो. बाणाचं बटण दाबत तो खातेदारांच्या यादीतून खाली जात होता. हवं ते नाव ऐकू आलं की एंटर दाबायचा, ही त्याची कित्येक वर्षांची सवय. पण नाव कानावर पडेपर्यंत त्याचं बोट एक ओळ पुढे गेलेलं असे. एंटर दाबला की शेजारच्या खातेदाराचं खातं उघडे. एकदा तर एकाचा हप्ता दुसऱ्याच्या नावावर जमा झाला. पावती देण्याआधी त्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्यानं कधी कुणाच्या पैशात चूक केली नव्हती. त्या दिवशी त्याला घाम फुटला होता.

चूक माझ्या लक्षात आली. टाकी मोठी म्हणजे पाणी नळापर्यंत यायला उशीर. ८,१९२ मोजमापं म्हणजे १८६ मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या हिशेबानं २३ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे बोलणारा माणूस आठ मीटरवर उभा आहे, आणि १८६ मिलिसेकंद म्हणजे तो ६३ मीटरवर, चौकाच्या पलीकडून ओरडून सांगतो आहे. आणि टाकी एकच नसते. पाहुण्यातला प्रोग्राम एक ठेवतो, पाहुण्याचं विंडोज दुसरी, सोंग घेणारा प्रोग्राम तिसरी, यजमानाची आवाजव्यवस्था चौथी. चार मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर टाकी, आणि सगळ्यांचा उशीर एकमेकांत मिळवायचा.

गाणं ऐकणाऱ्याला याचं काही वाटत नाही. गाणं अर्ध्या सेकंदानं उशिरा सुरू झालं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. फोनवर बोलताना मात्र एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे, कारण त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. आणि ज्याला प्रत्येक बटणाचं उत्तर कानानंच मिळतं, त्याला तर त्याहूनही कमी उशीर लागतो. एकाच साउंड कार्डाचं सोंग, पण कोण ऐकतो आहे त्यावर ते चांगलं की वाईट हे ठरतं. टाकी लहान केली तर आवाज तुटतो, मोठी केली तर मागे राहतो. या दोहोंच्या मध्ये जी अरुंद वाट आहे, ती शोधावी लागते.

आम्ही ती शोधली. टाकी पुन्हा लहान केली, पण या खेपेला यजमानाला सांगितलं, की आवाजाच्या कामाला रांगेत पुढे घे. आभासी संगणकासाठी प्रोसेसरचा एक भाग राखून ठेवला. डिस्क चाळणाऱ्या प्रोग्रामची वेळ दुपारच्या सुट्टीत टाकली. पाहुण्याला दिलेलं कार्डही बदललं. कारण सोंग कोणत्या कार्डाचं घ्यायचं, हेही महत्त्वाचं असतं. डॉसच्या काळातल्या प्रोग्रामला साउंड ब्लास्टर हवं, त्यानंतरच्या विंडोजला इंटेलनं १९९७ मध्ये ठरवून दिलेल्या एसी-९७ पद्धतीचं, आणि अलीकडच्यांना २००४ च्या हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धतीचं. पाहुण्याकडे ज्याचा ड्रायव्हर आहे तेच सोंग चालतं, नाहीतर तो मुका राहतो. हे सगळं जुळल्यावर मित्रानं दहा मिनिटं यादीतून वरखाली फिरून पाहिलं आणि म्हणाला, “आता आलं तोंडासमोर.”

इथे कुणी विचारेल, सोंगच कशाला? पाहुण्याला सरळ सांगून टाकावं, की बाबा तू पाहुणा आहेस. हा विचारही झालेला आहे. व्हर्टआयओ नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे, तिच्यात यजमान आणि पाहुणा दोघंही खरं बोलतात. दारं, ओळखीची वाक्यं, बेलांचा खेळ यांतलं बरंच गळून पडतं आणि पाहुण्याला पुन्हा पुन्हा झोपवावं लागत नाही. आवाजासाठीची अशी व्यवस्था लिनक्समध्ये २०२१ साली आली, प्रमाणपत्रिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत तिला स्थान मिळालं आणि क्यूईएमयूमध्ये ती २०२३ च्या अखेरीस दाखल झाली. पण हा खरेपणा नव्या पाहुण्यांनाच परवडतो. १९९५ किंवा २००१ सालच्या विंडोजला ही भाषा येत नाही आणि आता कुणी शिकवणारही नाही. त्यांच्यासाठी बहुरूपी हवाच. आणि खरं बोललं तरी वेळेचा प्रश्न सुटत नाही, थोडा हलका होतो.

जुन्यांसाठी सोंग हवं, याचं दुसरंही कारण आहे. जुने प्रोग्राम हा आता इतिहास झाला आहे. २००२ मध्ये आलेल्या डॉसबॉक्स या प्रोग्रामनं डॉसचा संगणक साउंड ब्लास्टरसकट हुबेहूब उभा केला. अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं २०१५ मध्ये सुमारे २,४०० जुने डॉस खेळ त्याच्याच आधारानं सर्वांना ब्राउझरमध्ये खुले केले. त्या खेळांचं संगीत ध्वनिमुद्रित नसे. यामाहाच्या एका चिपवर नऊ सुरांच्या लहरी एकमेकींत मिसळून ते तिथल्या तिथे तयार होई. ती चिप म्हणजे एक वाद्यच. आज ती वाजते ती सोंगातच.

सोंगाचा एक धोकाही सांगायला हवा. सोंग म्हणजे प्रोग्राम, आणि प्रोग्राम म्हटला की त्यात चुका आल्या. पाहुण्यानं मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारले तर बहुरूपी गडबडू शकतो. २०१५ मध्ये क्यूईएमयूच्या फ्लॉपी डिस्कच्या सोंगात अशीच एक चूक सापडली. पाहुण्याच्या खोलीतून थेट यजमानाच्या घरात घुसण्याची वाट तिच्यातून निघत होती. ‘व्हेनम’ या नावानं ती गाजली. फ्लॉपी तेव्हा कुणी वापरत नव्हतं, तरी तिचं सोंग तसंच उभं होतं. २०२१ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओच्या सोंगातही एक चूक नोंदली गेली. तिच्यामुळे पाहुण्याला सगळा आभासी संगणकच बंद पाडता येत होता. म्हणून शहाणे लोक सांगतात, जे लागत नाही ते उपकरण पाहुण्याला देऊ नका. मोठ्या सेवाकेंद्रांतल्या आभासी संगणकांना बहुतेक वेळा साउंड कार्डच नसतं. काटकसर आणि सुरक्षितता म्हणून ते बरोबर आहे. पण त्या संगणकासमोर एखादा दृष्टिहीन माणूस बसणार असेल, तर त्याच्यासाठी ती खोली काळोखाची होते.

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय सोंगाचा नाहीच. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन प्रोग्रामरनं तो २००६ मध्ये सुरू केला. त्याच्याबरोबर येणारं ईस्पीक हे वाचायंत्र मराठीही बोलतं. त्याला जोड म्हणून दूरचा संगणक वापरण्याची एक सोय निघाली, आणि २०२५ च्या आवृत्तीपासून ती त्याच्यातच आली आहे. ती आवाज पाठवतच नाही. पलीकडचा स्क्रीन रीडर जे बोलणार असतो, ते शब्द अक्षरांच्या रूपात अलीकडे येतात आणि आपल्या समोरचा संगणक ते आपल्या आवाजात बोलतो. सेकंदाला १,७६,४०० बाइटांच्या जागी एका ओळीची पन्नास-शंभर अक्षरं. ना टाकी, ना स्फटिक, ना खटका. पाहुण्याला साउंड कार्ड नसलं तरी चालतं. जे पोहोचवायचं होतं ते मुळात शब्द होते, ही गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली, इतकंच.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या कार्यालयात, बँकेत, ग्रंथालयात जुने प्रोग्राम आज ना उद्या असे आभासी संगणकात जातील. जाणं भागच आहे, जुनं यंत्र किती दिवस टिकणार? तेव्हा एक विनंती. काम झालं असं जाहीर करण्याआधी खाती उघडतात का, पावती छापते का हे पाहालच. त्याबरोबर, तिथे कानानं काम करणारं कुणी असेल तर त्याला किंवा तिला खुर्चीवर बसवा आणि दहा मिनिटं यादीतून वरखाली फिरू द्या. पडद्याकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्याला तो उशीर कधीच कळणार नाही. मलाही कळला नव्हता.

माझ्या मित्राचा हिशेब आता चोख चालला आहे. परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा तो लाह्या फुटल्यासारखा तडतडाट चालू होता. मला एक शब्द कळला नाही. “बरा आहे ना आवाज?” मी विचारलं. त्यानं हात वर करून मला थांबवलं, एका खात्यावर एंटर दाबला, रक्कम ऐकून घेतली, आणि मगच म्हणाला, “बरा आहे. बोटाबरोबर येतो.”